नऊ कोंबड्या आणि एक गुडघा

बायकोच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आम्ही तीनदा ठरवलं. पहिल्यांदा भाचीचं लग्न आडवं आलं. दुसऱ्यांदा वर्षाचं तिखट कुटायचं राहिलं होतं, आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तिखट कुटल्याशिवाय माणूस मरायलासुद्धा तयार होत नाही, तिथे ऑपरेशनची काय कथा. तिसऱ्यांदा मात्र सगळं मोकळं होतं. मुलाने सुरतेला डॉक्टर ठरवला, दवाखान्यात खोली ठरवली, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आईसाठी उंच पलंग आणून टाकला. मी पिशव्या भरल्या. निघायला आठ दिवस राहिले असताना ही ओट्यावर बसून म्हणाली, "मी सुरतले जासू तं कोंबड्यासले कोन देखी?"

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आहे. ज्याला गणित सोडवायचं नसतं त्याची पेन्सिल नेमकी तेव्हाच हरवते, हे मला कोणी सांगायला नको. मी चिडलो. म्हणालो, कोंबड्या कोंबड्यांचं बघून घेतील. ती म्हणाली, मग गुडघा गुडघ्याचं बघून घेईल. आणि पिशवीतलं लुगडं काढून तिने पुन्हा दोरीवर टाकलं.

तिच्या गुडघ्याची अवस्था अशी होती की ओट्याच्या दोन पायऱ्या ती उलटी उतरायची, माझ्या खांद्याला धरून. प्रकाशा गावचं देऊळ आमच्या गावाहून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं, पण दोन वर्षांत तिला तिथे जाता आलं नव्हतं. समोरच्या घरी जायचं तरी मध्ये एकदा थांबावं लागे, आणि थांबल्यावर ती आभाळाकडे बघत उभी राही, म्हणजे लोकांना वाटावं की ही ढग बघतेय. डॉक्टरने सांगितलं होतं, दोन्ही गुडघे गेलेत, आधी उजवा करू, सहा महिन्यांनी डावा. आणि उजव्याचा व्यायाम पहिल्या तीन-चार आठवड्यांत नीट झाला नाही, पाय वाकला नाही, तर नवा गुडघा असून नसल्यासारखा, मग डाव्याचं नावच काढू नका. मला तिला सरळ चालताना बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. आणि मध्ये नऊ कोंबड्या उभ्या होत्या.

नऊ म्हणजे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. पण सगळे नऊ कोंबड्याच म्हणतात, आणि कोंबड्यानेही कधी हरकत घेतलेली नाही. दहावी नको, हा माझा नियम होता. निवृत्तीनंतर घरात माझे जे दोन-तीन नियम उरले होते त्यातला हा एक. या नवांतली काबरी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, बायकोची फार लाडकी. ही बसली की काबरी मांडीवर येणार आणि पदराखाली डोकं खुपसणार. मला मात्र ती चोच मारते. गेले दहा-बारा दिवस तिने अंडं दिलं नव्हतं, आणि बायकोचं म्हणणं होतं की तिला ऑपरेशनची काळजी लागली आहे.

तर कोंबड्यांची सोय लावायला मी निघालो. पहिल्यांदा आठवला मेहुणा. तो सारंगखेड्याला राहतो, वाडा मोठा, माणूस दिलदार. पण दिवस घोड्यांच्या यात्रेचे होते. यात्रेत त्याच्याकडे पाहुण्यांची पंगत उठली की दुसरी बसते, आणि पाहुण्याला वरण-भातावर परत पाठवणं त्याला अपमान वाटतो. फोनवर म्हणाला, "लई आना ना दाजी, मन्हा घर त्यासले काय कमी पडाव शे?" त्यांना काही कमी पडणार नाही हे मला मान्य होतं. त्याच कमी पडल्या असत्या. मांजराला दुधाची राखण द्यावी तशातली गत.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, हल्ली प्राणी सांभाळणारी माणसं असतात, मोबाइलवरून ठरवता येतात. त्याने तिथून एका बाईला विचारलं. त्या बाईने जात कोणती, लस टोचल्याचं कार्ड आहे का, आणि एकटं राहायची सवय आहे का, असे तीन प्रश्न पाठवले. बायको म्हणाली, इतकी चौकशी आमच्या लग्नाच्या वेळी झाली असती तर बरं झालं असतं. मग मुलाने असंही सुचवलं की कोंबड्या सुरतेलाच घेऊन या, गॅलरी आहे. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मागून सुनेचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

निघायला तीन दिवस राहिले आणि समोरच्या काकू स्वतः आल्या.

या काकू म्हणजे गुजराचं घर. नदीकाठी केळी, कापूस, उसाचं शेत, गोठ्यात चार म्हशी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूणही दाराबाहेर असतो. अंडं तर त्या घरात कोणी उच्चारतही नाही. आमच्याकडे मटण शिजलं की काकू त्यांची समोरची खिडकी लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतात. तीस वर्षांत त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या ओट्यावर बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तू जा बाई. तुन्ह्या कोंबड्या मी देखसू."

काकूंनी अटी सांगितल्या. दाणे टाकेन, पाणी ठेवेन, संध्याकाळी खुराडं लावेन. नंतर आंघोळ करेन, ते माझं मी बघेन. "पन अंडासले मी हात लावत नही. ते तुमनं तुमी देखा."

अंड्यांसाठी मी चाचांना गाठलं. चाचा प्रकाशाहून सायकलवर येतात, गाद्या-रजया पिंजतात, आणि माझे जुने मित्र आहेत. एक दिवसाआड येऊन खुराड्यातली अंडी न्यायची, अंडी त्यांचीच. चाचा म्हणाले, "गुरुजी, ऐसा काम तो रोज दो." झालं, सोय लागली. काकू दाणे टाकणार, चाचा अंडी नेणार, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाकडे बघायचंही नाही.

पण मी मास्तर. तोंडी सांगण्यावर माझा विश्वास नाही. मी दोन पानांची सूचनापत्रिका तयार केली, शुद्ध मराठीत, कलमं घालून. सकाळी किती वाजता खुराडे उघडावे, ज्वारी किती मुठी टाकावी, मुंगूस दिसल्यास काय करावे. कलम सातवे असे होते: "एखादी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसून राहिल्यास अंडी काढून घ्यावीत व कोंबडीस दोन-तीन वेळा थंड पाण्यात बुडवून काढावे." म्हणजे तिची ऊब जाते आणि ती बसायचं सोडते. नाहीतर पिल्लं निघणार आणि माझा नऊचा नियम गेला.

काकूंनी मला ती दोन्ही पानं मोठ्याने वाचायला लावली. सातव्याला त्यांनी मला थांबवलं.

"पानीमा बुडाडानं?"

"हो. डिसेंबर आहे, थोडं कोमट घेतलं तरी चालेल."

"तुमले कोनी बुडाडं व्हतं का, गुरुजी?"

मी आठव्या कलमाकडे वळलो. वाचून झाल्यावर काकूंनी पानांची घडी केली आणि कनवटीला लावली. रोज संध्याकाळी खुराडं लावलं की मी सुरतेहून फोन करायचा आणि त्यांनी आकडा सांगायचा, असं ठरलं. हजेरी घेतल्याशिवाय मला झोप येत नाही, ही सवय शाळेपासूनची. त्या बोलण्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही सुरतेला होतो आणि बायको ऑपरेशनच्या टेबलावर जाताना मला म्हणाली, दाण्यांत थोडी बाजरी मिसळायला सांगायचं राहिलं.

ऑपरेशन छान झालं. पहिले तीन दिवस काकूंचा आकडाही छान आला. "नऊ." मी बायकोला सांगायचो, नऊ. ती डोळे मिटायची.

गावाहून निघाल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आठ."

"आठ कशा? नीट मोजल्या का?"

"खुराडामा आठ शेतस."

"कोण नाही?"

"काबरी नही."

"मग ती कुठे आहे?"

"खुराडामा नही, इतलं मी सांगं," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. काकू खोटं बोलत नाहीत. माळ घातलेली बाई. म्हणजे मुंगसाने नेली, असं मी समजलो. गावाबाहेर नाल्याला मुंगसं आहेत, मी कलम चारमध्ये ती लिहिलीही होती. दवाखान्याच्या जिन्यात मी पाच मिनिटं उभा राहिलो. खरंच वाईट वाटलं. मला चोच मारायची, पण हिच्या पदराखाली निवांत असायची.

त्याच दिवशी बायकोचा व्यायाम सुरू झाला होता. व्यायाम करवणारी मुलगी गोड होती, बोलणं गोड, आणि हात लोखंडाचे. पाय धरून वाकवायची आणि वर म्हणायची, "बस आंटी, थोडुंक." बायको सहजी रडणारी बाई नव्हे. सासू गेली तेव्हासुद्धा आधी स्वयंपाक उरकून मग रडली. ती त्या दिवशी उशी तोंडात धरून रडली आणि म्हणाली, मला घरी न्या, नको हा गुडघा. डॉक्टर म्हणाले, जेमतेम चाळीस अंश वाकतोय, नव्वद हवा. मी तिच्याजवळ बसलो. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मन्ही काबरी काय करी ऱ्हायनी?"

आता अशा वेळी काय सांगणार? मुंगसाने नेली म्हटलं असतं तर ती त्याच पायाने पलंगावरून उतरली असती. मी म्हणालो, "भिंतीवर चढली होती म्हणे."

"मंग?"

मंग काय, एकदा सुरू झालं की थांबता येतं का? मी म्हणालो, मागच्या भिंतीवर चढली आणि काकूंच्या अंगणात उतरेना. काकू खाली उभ्या राहून शूक शूक करताहेत आणि ही वरून बघतेय. बायकोने नाक पुसलं. त्या मुलीने पाय पुन्हा धरला, आणि बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग?"

तेव्हापासून रोज तेच. संध्याकाळी मी व्हरांड्यात जाऊन काकूंना फोन करायचो, काकू म्हणायच्या "आठ", आणि मी आत येऊन नऊ कोंबड्यांची बातमी द्यायचो. दवाखान्यातून आम्ही मुलाच्या घरी आलो तरी हा नेम चुकला नाही. काबरीने चाचांच्या सायकलच्या पिशवीतून पाव पळवला. काबरी कोंबड्याशी भांडली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. काबरीने गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला पार मारुतीच्या पारापर्यंत हाकललं. शाळेत मी कधी गोष्ट सांगितली नाही, थेट धडाच घ्यायचो, म्हणून मुलं मला भ्यायची. साठीनंतर मला हा गुण सापडला. सूनही पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा तर मी काबरीची आणि मुंगसाची कुस्ती लावली आणि काबरीला जिंकवली. ते सांगताना मलाच गलबलून आलं, कारण खरं काय झालं असेल ते माझ्या डोळ्यांपुढे होतं.

बायको मात्र सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकायची. मधूनच प्रश्न विचारायची. "दाना खावाले उतरनी का?" "रातले कोठे बठनी?" मी लगेच उत्तर द्यायचो. आणि पाय वाकत होता. चाळीसाचे साठ झाले, साठाचे ऐंशी. चालायच्या चौकटीला धरून ती फ्लॅटभर फिरायला लागली. व्यायाम दिवसातून दोनदा सांगितला होता, ती चारदा करायची. तिने एकच हट्ट धरला, पंचविसाव्या दिवशी मी गावाला जाणार. डॉक्टर म्हणाले महिनाभर राहा. ती म्हणाली, पंचवीस. नव्वद अंश वाकवून दाखवला आणि पुन्हा म्हणाली, पंचवीस. डॉक्टरांनी हात टेकले. मला वाटलं, माझ्या गोष्टींचा हा परिणाम. छाती जरा फुगलीच होती माझी. मग लक्षात आलं की पंचविसाव्या दिवशी आम्ही गावी पोहोचणार, खुराडं उघडणार, आणि त्यात काबरी नसणार.

त्या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ऐन घरी पोहोचल्यावर हिला धक्का बसला आणि हिने व्यायाम सोडला तर? मग मला उपाय सुचला. दुसरी काबरी आणायची.

सुरतेहून आमच्याकडे यायचं तर सरळ रस्ता नवापूरवरून. मुलगा गाडी चालवत होता. मी म्हणालो, खापरवरून घे.

"बाबा, ते लांब पडतं."

"तो रस्ता गुळगुळीत आहे. आईचा गुडघा बघ."

खापरला आठवड्याचा बाजार होता, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. मी म्हणालो, थांबा, भाजी घेऊन येतो. मुलाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात कधी भाजी आणलेली नाही.

कोंबड्यांच्या ओळीत डोंगरातून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे तीन काबऱ्या होत्या. त्यांची बोली मला येईना, माझी त्यांना येईना. मी मानेवर बोट ठेवून दाखवत होतो की इथे पांढरं जास्त हवं, शेपटीकडे काळं. त्यांना वाटलं मला मानेला काहीतरी झालंय. शेजारच्या बाईला बोलावून त्यांनी माझी मान दाखवली. दोघींनी मिळून विचार केला आणि मला झाडपाल्याच्या ओळीकडे बोट दाखवलं. शेवटी मी स्वतःच टोपलीत हात घातला. तिघींपैकी एकीने मला चोच मारली. तीच घेतली.

कापडी पिशवीत कोंबडी, वर मेथीच्या दोन जुड्या, आणि मी पुढच्या सीटवर. अक्कलकुव्यापर्यंत ती गप्प होती. तळोद्याच्या आधी पिशवीतून आवाज आला. मी खोकलो. पुन्हा आवाज आला, मी पुन्हा खोकलो.

मागून बायको म्हणाली, "कसानी भाजी शे?"

"मेथी."

"बोलकी दिखस," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मुलाचे खांदे हलत होते. मी त्याला रस्त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं.

गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. माझा बेत पक्का होता. हिला ओट्यावर बसवायचं, मुलाला चहा ठेवायला लावायचा, तोवर मागच्या दाराने जाऊन पिशवी खुराड्यात मोकळी करायची. गाडी थांबली. मी पिशवी छातीशी धरून उतरलो. बायकोने दार उघडलं, काठी टेकली, उभी राहिली, आणि आमच्या घराकडे पाठ करून समोर चालायला लागली. मी म्हणालो, अगं, इकडे. तिने वळूनही पाहिलं नाही. काकूंच्या गोठ्याच्या दारात काकू उभ्या होत्या. गल्ली ओलांडताना ती कुठेही थांबली नाही, ढग बघितले नाहीत, आणि गोठ्याची पायरी तिने सरळ तोंडाने चढली. मी ते बघितलं आणि पिशवी विसरलो.

गोठ्याच्या कोपऱ्यात, गव्हाणीमागे, एका फुटक्या टोपलीवर काकूंचं जुनं लुगडं आडोशाला बांधलं होतं. काकूंनी ते बाजूला केलं. आत काबरी बसली होती. पंख फुगवून, डोळे वटारून, आणि तिच्या पंखाखालून एक ओलं पिल्लू तोंड काढून बघत होतं.

"सकायपासून चालू शे," काकू म्हणाल्या. "पाच निंघनात. बाकीना निंघी ऱ्हायनात."

मला कळायला जरा वेळ लागला. काबरीचं अंडं बंद झालंच नव्हतं. ती आमचं खुराडं सोडून काकूंच्या गव्हाणीमागे घालत होती. आम्ही गेलो आणि चौथ्या दिवशी ती तेरा अंड्यांवर बसली. आता काकूंची पंचाईत बघा. माळकरी बाई, तिच्या गोठ्यात तेरा अंडी. हात लावून काढता येत नाहीत. चाचांना सांगावं तर ते नेऊन तळणार. मला सांगावं तर कलम सात. घरातल्या माणसांना कळलं तर घर धुऊन काढावं लागणार. मग काकूंनी लुगडं बांधलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की गोठ्याच्या त्या कोपऱ्यात कोणी जायचं नाही. का, हे सांगितलं नाही. पन्नास वर्षं ते घर चालवलेल्या बाईला का ते सांगावं लागत नाही.

"पण मला रोज आठ सांगत होता," मी म्हणालो.

"तुमी खुराडामधल्या इचारेत. मी खुराडामधल्या सांग्यात."

"आणि हिला?"

"हिले पहिलाच दिन फोन कया. हिनी कोंबडी शे. हिले नही सांगाव तं कोनले?"

म्हणजे बायकोला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काबरी टोपलीत बसून आहे, जागची हलत नाही, दिवसातून एकदा दाणे खाऊन परत येते, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघणार. चार आणि एकवीस, पंचवीस. मी पाव पळवत होतो, कुत्रा हाकलत होतो, कुस्त्या लावत होतो, आणि ही समोर बसून विचारत होती, मंग?

पिशवीतून मोठा आवाज आला. बायको म्हणाली, "ती मेथी सोडा आते. गुदमरी जाई."

मी ती तिथेच सोडली. मुलगा गोठ्याच्या दाराला धरून बसला होता, त्याला हसून उभं राहवत नव्हतं. काकूंनी नव्या कोंबडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कनवटीची दोन पानं काढून मला परत दिली.

मला राग आला होता, हे कबूल करतो. संध्याकाळी ती अंगणात खुर्चीवर बसली, पाय पुढे ठेवून वाकवत होती, सरळ करत होती. मी म्हणालो, माझं हसं करायचं होतं तर एकदाच करायचं. रोज रोज काय विचारत होतीस?

ती पाय वाकवायची थांबली नाही. म्हणाली, "जधय लई दुखे ना, तधय मी तुमले इचारू. तुमी बोलेत, मी ऐकू. पाय कधय वाकना ते समजे नही." मग म्हणाली, "माले माहीत व्हतं ती बठेल शे. पन तुमी सांगेत ती पयी ऱ्हायनी, तं माले बरं वाटे. वाटे, एक जन तरी पयी ऱ्हायनं."

एक जण तरी पळतंय, म्हणजे माझ्या गोष्टीतली काबरी. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि माझं बोलणं ऐकून हिला बरं वाटतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी उठून खुराडं लावायला गेलो आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबलो. खुराड्यात आठ जुन्या, एक खापरची. गोठ्यात काबरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिची अकरा पिल्लं. एकूण एकवीस झाल्या. माझा नियम कोणी मोडलाही नाही, तो कोणाच्या लक्षातच नव्हता.

चार दिवसांनी बायकोने स्वतः सुरतेच्या डॉक्टरांना फोन लावला. डाव्या गुडघ्याची तारीख द्या म्हणाली. मी बाजूलाच होतो. मी विचारलं, कोंबड्यांचं काय? ती म्हणाली, काकू आहेत. मग फोन पदराने पुसून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "या खेपले काही नवं सांगा. भित्तवर चढनी ते तुमी तीनदा सांगं."

ऑपरेशनला अजून पाच महिने आहेत. मी रोज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसतो, कोंबड्यांकडे बघतो, आणि काही सुचतं का ते पाहतो.